भरीव आणि पोकळ

विजयसिंहांनी आपल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर मऊ कापड पसरलं आणि त्यावर दोन काडतुसं उभी केली.

"ही भरीव टोकाची. आणि ही पोकळ."

राजशेखर दाराकडे बघत होता. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की त्याची मान वळत होती. घरच्या फौंड्रीवर दरोडा पडला, तेव्हा त्यानं रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. रिव्हॉल्व्हर कपाटातच होतं. आज पहिल्यांदाच ते पिशवीत घालून तो कागलहून कोल्हापुरात दुकानी आला होता.

"फरक काय दोन्हींत?"

"भरीव गोळी आरपार जाती. मागं कोण हुबं असलं तर त्यालाबी लागंल. पोकळ गोळी आत शिरली की फुलती आन् तिथंच थांबती."

विजयसिंहांनी ओल्या मातीत झाडून मग उकरून काढलेली एक पोकळ गोळी दाखवली. तिचं टोक फाटून चहूबाजूंनी उलटं वळलं होतं. राजशेखरनं ती उचलली, लगेच खाली ठेवली आणि बोटं पँटला पुसली.

"माणूस उठतो का परत?"

विजयसिंहांनी वर बघितलं. तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकं 'पडतो का' एवढंच विचारत आली होती.

"मालक, घाबरवायला म्हणून गोळी नसती. घरात वापरायची, का बाहेर?"

"घरात."

"आतल्या खोलीत कोण असतं?"

"आई."

"मग पोकळच न्या. भरीव गोळी दारातनं पलीकडं जाईल. समोरचा अंगानं कसा हाय?"

"माझ्याएवढाच." राजशेखर थांबला. "अडीच वर्षांनी ल्हान."

विजयसिंहांनी दोन्ही काडतुसं उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"शिवपुत्र. धाकटा भाऊ," राजशेखर आपणच म्हणाला. "परवा आईसमोर कोयता घिऊन आलता. फौंड्रीत निम्मी वाटणी पायजे म्हणतोय."

"त्येचा वाटा हाय का?"

राजशेखरनं कापडाची सुरकुती सारखी केली.

"हाय की," तो म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढून काउंटरवर ठेवलं. "हे तुमच्याकडं ठिवून घेता येतं न्हवं?"

"येतं की. पावती देतो. किती दिवस?"

"वाटणी हुईस्तोवर."

तो कागलला पोचला तेव्हा ऊन कलत आलं होतं. दारात शिवपुत्रची जीप आडवी लावलेली होती आणि आतून त्याचा चढलेला आवाज येत होता. राजशेखर स्टिअरिंग धरून बसून राहिला. गाडी वळवून परत जाता आलं असतं.

त्यानं गाडी बंद केली, चप्पल बाहेर काढली आणि आत गेला.

"शिवा," तो म्हणाला, "बस. वाटणीचे कागद काढू."