वरच्या वस्तीचे पाणी

क्योतोहून दोन बस बदलून मी डोंगरातल्या त्या छोट्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची सल्लागार म्हणून पोहोचले, तेव्हा पालिकेला माझ्याकडून एकच उत्तर हवे होते: वरच्या वस्तीची जलवाहिनी बंद करावी की नाही. तिथे आता फुमी-सान नावाच्या एकच वृद्ध बाई राहत होत्या. पाणी तोडले की त्यांना खाली वृद्धाश्रमात यावे लागणार होते, आणि त्यांनी शांतपणे नकार दिला होता.

पाणी विभागातले निशिमुरा-सान मला गाडीतून वर घेऊन गेले. वाटेत त्यांनी पालिकेची स्थिती सांगितली. स्थानिक करांतून खर्चाचा लहानसा हिस्सा निघतो. उरलेला बहुतेक केंद्राच्या अनुदानातून येतो, आणि ते ठरवताना जनगणनेतली डोकी पाहिली जातात. माणसे घटली की अनुदान घटते. नळाची लांबी घटत नाही. शेजारच्या पालिकांनी पाणीपुरवठा एकत्र चालवावा असा प्रस्ताव होता. पण दुसऱ्याचे गंजके नळ कोणालाच नको होते.

रिकामी घरे पाडत का नाहीत, असे मी विचारले.

"घर उभं असलं की जमिनीवरचा कर कमी लागतो," ते म्हणाले. "म्हणून उभी आहेत."

भुताटकी वाटणाऱ्या ओसाड वस्तीचे इतके नेमके आर्थिक स्पष्टीकरण मी आजवर ऐकले नव्हते.

मी प्रत्येक घराच्या जोडणीवर प्रवाहमापक बसवले. खाली पालिकेतल्या माझ्या संगणकाच्या पडद्यावर नोंदी विचित्र आल्या. कुलूपबंद घरांतून दिवेलागणीला पाणी वाहत होते, एकामागून एक, ठरावीक क्रमाने. गळती अशी नसते. गळती रात्रभर चालते. म्हणून मी संध्याकाळी वर जाऊन थांबले. फुमी-सान किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरोघर जात होत्या. शहरात गेलेल्या कुटुंबांनी आपले देव्हारे मागेच ठेवले होते, कारण फ्लॅटमध्ये पूर्वजांना जागा नव्हती. फुमी-सान प्रत्येक देव्हाऱ्यासमोरच्या पेल्यातले पाणी बदलत होत्या. वापर फुगवून दाखवण्याची ही युक्ती असावी, असा माझा तर्क होता. तो मी त्यांना सभ्य शब्दांत ऐकवला.

"त्यांना तहान लागते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

पुढच्या आठवड्यात त्या घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्यांना शहरातल्या रुग्णालयात हलवले आणि जुडगा पालिकेच्या तिजोरीत गेला. कागदोपत्री वस्ती निर्मनुष्य झाली. वाहिनी बंद करण्याचा ठराव तयार होता. माझ्या अहवालाची तेवढी वाट होती. फुमी-सान रुग्णालयातून रोज एकच विचारणा करत: घरी नळाला पाणी असेल ना?

टोकियोतल्या निशी-कसाईहून माझ्या नवऱ्याचा, यतीनचा, फोन आला. तो दरवर्षी उत्तरेकडच्या कुठल्यातरी गावाला देणगी देतो, तेवढा त्याचा कर कमी होतो आणि वर खरबुजे घरपोच येतात. भुर्दंड आमच्या वॉर्डाला. गावांनी फळे वाटून एकमेकांचा कर पळवावा, ही या देशाची सुधारणा.

"तुझ्या त्या भुताच्या गावाला दिली देणगी," तो म्हणाला, "तर भूत कुरियरने येतं का गं?"

मी हसले आणि पालिकेच्या कार्यालयात अहवाल लिहायला बसले. निशिमुरा-सान समोर चहा पीत होते. बाहेर अंधारून आले होते. पडद्यावरची सपाट रेषा उचलली गेली.

पहिले घर. मग दुसरे.

मी उपकरणाचे घड्याळ तपासले. बॅटरी तपासली. नळात हवा अडकली असती, तर आकडे थरथरले असते. हे स्थिर होते. तिजोरी बंद होती, आणि तिची किल्ली निशिमुरा-सानांच्या खिशात होती. वर जाण्याचा रस्ता दुपारपासून बर्फाने बंद होता.

तिसऱ्या घराचा प्रवाह इतरांपेक्षा बराच वेळ चालला.

"ते आमचं," निशिमुरा-सान म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला नव्हता. "पाणी गार होईपर्यंत आई नळ सोडून ठेवायची."

ते या वस्तीतले आहेत, हे त्यांनी मला एकदाही सांगितले नव्हते.

मी लिहिले: वाहिनी वापरात आहे, बंद करू नये.

"कोणाच्या वापरात, असं नगराध्यक्ष विचारतील, ज्योत्स्ना-सान."

"मापक ते सांगत नाही."

हे अक्षरशः खरे होते. त्यांनी ठरावाचा मसुदा बाजूला सारला आणि रुग्णालयाला फोन करून फुमी-सानना निरोप दिला की पाणी चालू राहील. पलीकडून त्या काय म्हणाल्या, ते त्यांनी मला सांगितले नाही. शेवटच्या घराची रेषा खाली येईपर्यंत आम्ही दोघे पडद्यासमोर बसून राहिलो. वर जाऊन पाहावे, असे कोणीच सुचवले नाही.