ताठ पायाची चाल

"गुडघा मोड, दिशे! मोड गुडघा! ताठ पाय फळीवर ठरत न्हाई!"

हा आवाज दिशाच्या कानात अकराव्या वर्षी राहायला आला, तो गेलाच नाही. एका टोकाला उसाचं रान, दुसऱ्या टोकाला ट्रकचा फाळका, मध्ये तिरकी लावलेली लाकडी फळी. पोरीच्या डोक्यावर मोळी आणि मागून चढणारी आई, गोजरबाई. मोळी पोरीच्या मापाची बांधली होती. फळी मात्र मोठ्यांच्याच मापाची. आदल्याच हंगामात दिशाचा बाप कानिफनाथ अशाच फळीवरून मोळीसकट खाली आला होता आणि पुन्हा उठला नव्हता. "ताठ पायानं चढला, म्हून गेला," गोजरबाईनं ऊसतोडीच्या टोळीला सांगितलं. तेव्हापासून टोळीत म्हणच पडली: कानिफासारखं ताठ चढू नको. नवी सून तोडीला आली की तिच्या हातात कोयता पडायच्या आधी कानात हे वाक्य पडायचं.

दिशानं गुडघे मोडले. दहा हंगाम मोडले. पाथर्डीहून निघायचं, श्रीरामपूरच्या अलीकडे तळ टाकायचा, पाचटाच्या कोपीत निजायचं आणि उजाडायच्या आत उसाच्या फडात. मायलेकींचा मिळून एक कोयता.

मग एक दिवस कारखान्याच्या रस्त्यावर रुचाताईंनी तिला पाहिलं. त्या श्रीरामपुरात एका कॉलेजात खेळ शिकवायच्या. दिशाच्या डोक्यावर वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा होता आणि मान अशी स्थिर, की भाऱ्यावर भरला तांब्या ठेवला तरी थेंब सांडू नये. रुचाताईंनी स्कूटर थांबवली.

"चालण्याची शर्यत असते, माहितीये तुला?"

"चालायची?" दिशा हसायला लागली. "ताई, मग आमची आख्खी टोळीच पहिली यील की!"

रुचाताई तिला पहाटे शिकवायला लागल्या. शर्यतीचा कायदा मोजक्या शब्दांचा होता. एक पाय कायम जमिनीला हवा. आणि पुढे टाकलेला पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावरून सरेपर्यंत गुडघ्यात ताठ हवा. पहिली अट दिशाला आईच्या पोटातून येत होती. दुसरी मात्र हाडात उतरेना. अंग ताजं असलं की जमायचं. दमली की डावा गुडघा आपोआप मऊ पडायचा, जणू डोक्यावर मोळी आहे आणि खाली फळी लवते आहे. जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेत ती तिसरी चालली होती. लाल कार्डामागून लाल कार्ड आलं आणि पंचांनी तिला रस्त्याच्या बाहेर काढलं.

दोन हजार सव्वीस हे सालच खेळाचं होतं. फेब्रुवारीत क्रिकेटचा विश्वचषक, उन्हाळ्यात फुटबॉलचा, जुलैत ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धा, सप्टेंबरात जपानमध्ये आशियाई स्पर्धा. तळावर रिकाम्या डब्याला मोबाईल टेकवून पंधरा डोकी एका पडद्यावर झुकायची. एका संध्याकाळी सामना पावसानं थांबला, आणि कुणाच्या तरी मोबाईलवर दिशाच्या जानेवारीतल्या शर्यतीचा व्हिडिओ निघाला.

"आगं बया, ही तर आपली दिशी!" बन्सी ओरडला. शेजारच्या कोपीतला हा गडी, जिभेला हाड नसलेला. "काय कंबर हलती राव! दिशे, जपानला ह्यासाठी जायचं व्हय? पळायचं बी न्हाई आन् थांबायचं बी न्हाई, ह्याला खेळ म्हनत्यात?"

हशा पिकला. दिशा चुलीपुढून उठली, पिठाचे हात तसेच.

"बन्सीभाऊ, तुमी बसल्या जागी मॅच बघता, तरी घाम तुमालाच फुटतो. त्याला जर खेळ म्हनत असतील, तर ह्याला बी म्हनत्याल."

"पर कंबर?"

"हाय तर हलनार. तुमची हलंना झाली, त्याला मी काय करू?"

आता हशा बन्सीवर फिरला. त्याची बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिशा कारखान्याच्या रस्त्यावर उतरली ती मुद्दाम तळासमोरून, कंबर हलवत, हात कोपरात मुडपून. ट्रॅक्टरवाले गाणी लावायचे, शिट्ट्या घालायचे. ती वळून बघायची नाही. रस्ता माझ्या आज्याच्या पायानं झिजलाय, मनात म्हणायची, तुमच्या टायरनं नाही. मागं कोपीत गोजरबाई भाकरी थापता थापता ओठातल्या ओठात गुणगुणायची:

*लेक चालली चालली, वाट उसाची संपंना*
*तिच्या पायातलं वारं, माझ्या पदरी मावंना*

निवड चाचणी मार्चअखेरीस, दिल्लीच्याही पुढे. पहिल्या दोघींना जपानचं तिकीट. हंगाम संपत आलेला, रान उभं, कारखान्याची घाई. मुकादम आसाराम कोपीपुढे येऊन उभा राहिला.

"गोजरावहिनी, कोयता म्हंजी दोन मानसं. पोरगी गेली तर तुमी अर्ध्या कोयत्यानं काय तोडनार?"

"काय बी न्हाई," गोजरबाई म्हणाली. "मी बी चाललेय तिच्यासंगं."

आसारामानं समोरच्या उभ्या रानाकडे हात केला. "आन् फडाचं?"

"उसाला पाय न्हाईत, भावजी. चार दिसांनी आलो तरी हितंच असंल."

दिशानं आईकडे पाहिलं. रुचाताई भेटल्यापासूनच्या पाच वर्षांत आईनं तिच्या चालण्याला हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

श्रीरामपूरहून रेल्वेनं दीड दिवस. तिथला रस्ता रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना दोर बांधलेला. त्याच रस्त्यावर फेऱ्यांवर फेऱ्या घालायच्या. वळणावर रुचाताई पाण्याच्या बाटल्या घेऊन, शेजारी गोजरबाई, पदर कमरेला खोचून.

अर्धी शर्यत दिशा चौथी चालली, मग तिसरी. फलकावर तिच्या नंबरापुढे एक लाल खूण लागली, मग आणखी एक. पुढची लागली की शिक्षेच्या चौकटीत दोन मिनिटं उभं राहायचं. त्यापुढची लागली की घर. ऊन वर आलं. डाव्या मांडीत गोळा उठला. वळणावर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि गोजरबाईला तिथं रस्ता दिसला नाही. तिला फळी दिसली. दोरावर ओणवी होऊन, सगळा जीव गोळा करून ती ओरडली:

"गुडघा मोड, दिशे! मोड गुडघा!"

आणि गुडघा मोडला. ऐकण्याची सवयच तशी होती त्याला. समोरच्या पंचानं वहीत काहीतरी लिहिलं.

"आई, काय केलंत!" रुचाताईंनी गोजरबाईचा दंड धरला. "मोडला तर बाहेर काढतात तिला! जानेवारीत गुडघ्यापायीच काढलं होतं!"



पुढची फेरी घेऊन दिशा वळणावर आली. फलकावर तिसरी खूण लागली होती. आई दोराजवळच होती, तोंडावर पदर दाबून. दिशानं तिच्याकडे पाहिलं, आणि ज्या आवाजात कधी फडात हाळीसुद्धा दिली नव्हती त्या आवाजात म्हणाली:

"न्हाई मोडनार, आये! पडले तर पडले! पर आता न्हाई मोडनार!"

डावा पाय पडला, ताठ. ठणका मस्तकात गेला. पुन्हा पडला, ताठ. मोळी नाही डोक्यावर, ती स्वतःला बजावत होती, काही नाही डोक्यावर, नुसतं आभाळ आहे. शिक्षेच्या चौकटीत दोन मिनिटं उभं राहावं लागलं; तिथंही ती गुडघे ताणून उभी राहिली, बाभळीच्या खुंटासारखी. बाहेर पडली तेव्हा पाचवी होती. मग चौथी. शेवटच्या फेरीत पुढची एकजण पाय मुरगळून खाली बसली, एकीला दिशानं मागं टाकलं, आणि पट्टी ओलांडली तेव्हा तिच्यापुढे एकच पाठ होती.

दुसरी.

रुचाताई रडत होत्या, हसत होत्या, कुणाला तरी फोन लावत होत्या. दिशा लंगडत आईला शोधत निघाली. गोजरबाई वळणाजवळच्या फुटपाथच्या कडेला बसली होती, हात मांडीवर उताणे ठेवून.

दिशा तिच्याशेजारी टेकली. "आये, जपान."

"व्हय. ऐकलं."

"मोडला न्हाई बघ. ताठ ठेवला. पडले का मी?"

"न्हाई पडलीस."

गोजरबाईनं लेकीच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मान वर न करता बोलायला लागली.

"त्यो बी पडला नसता. तुझा बाप असाच चालायचा, ताठ, फळीवर बी. त्याचा पाय न्हाई सटकला, दिशे. फळी सटकली. बुडाला दगूड लावायचा असतो, घाईत ऱ्हायला. सासूला सांगितलं, टोळीला सांगितलं, तुला सांगितलं, त्याचा पाय ताठ हुता म्हून. फळी म्या लावली हुती."