डावा कोपरा

दादा येणार म्हणून त्या दिवशी पहाटेपासून सगळ्या इमारतीने नळ बंद ठेवले होते.

चौथ्या मजल्यावर पाणी चढायचं तर खालच्यांनी तोंड धुवायचं नाही, एवढं भौतिकशास्त्र त्या शहरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. लिफ्टचंही तेच. ती आदल्या दिवशी दुरुस्त झाली होती आणि दुरुस्त करणारा जाताना सांगून गेला होता, "चालेल. पण फार चालवू नका." म्हणून खालच्या काकूंनी लिफ्टसमोर स्टूल टाकून पहारा मांडला होता. काकू सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या आवाजाने बरे झालेले पेशंट अजूनही रस्त्यात त्या दिसल्या की ताठ उभे राहत. "जिन्याने जा, जिन्याने," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होत्या. "लिफ्ट धाकटीच्या भावासाठी आहे."

धाकटी म्हणजे अर्थात दादाची धाकटी बहीण. चाळिशी तिने कधीच ओलांडली होती, नगरपालिकेच्या तलावावर ती पोहायला शिकवायची, बाहेर लोक तिला मॅडम म्हणायचे. पण घरात एकदा धाकटी ठरलेली बाई मरेपर्यंत धाकटीच राहते, त्याला इलाज नाही.

आई गेल्यावर घर दोघा भावंडांच्या नावावर झालं. दादा बरीच वर्षं दूरच्या एका मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. तिथे नळाला पाणी असे आणि लिफ्टला आरसा. इथे मात्र आधी कारखाने बंद पडले, मग बँका, मग थिएटर, आणि मग जे काही उरलं त्याला लोक सवयीने शहर म्हणत. अशा ठिकाणी घराला गिऱ्हाईक मिळणं म्हणजे चमत्कार. तो घडला होता. गिऱ्हाईक त्याच दिवशी दुपारी दलालाच्या ऑफिसात यायचं होतं.

"मी येतो, डोळ्यांनी बघतो," दादाने फोनवर सांगितलं होतं. "तुला राहण्यासारखं तिथे काही उरलंय असं मला पटलं, तर नाही विकणार. नाही पटलं, तर त्याच दिवशी हो म्हणून टाकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. कबूल?"

धाकटी कबूल म्हणाली. फोन ठेवला आणि ती थेट काकूंकडे गेली.

दादा आला. लिफ्ट त्याला घेऊन वर चढली, नुसती चढली नाही तर दारही उघडलं, तेव्हा जिन्यात लपून बघणाऱ्या दोन बिऱ्हाडांनी एकमेकांचे हात दाबले. मग दादा आंघोळीला गेला आणि तिथेच घात झाला. शॉवर सुरू झाला तो थांबेचना. आत दादा गाणं म्हणत होता. खाली सगळी इमारत भिंतीतल्या पाइपाला कान लावून बसली होती. टाकीतलं पाणी नव्हे, आपलं रक्तच कुणीतरी नळाने सोडून देतंय असे चेहरे झाले होते.

दादा डोकं पुसत बाहेर आला, खुर्चीत बसला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "खाली सगळे पारोसे असतील ना गं?"

धाकटीने घाईघाईने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"अगं, मामा यायचा तेव्हा आई हेच करायची. दारोदार फिरून 'नळ उघडू नका' म्हणून सांगायला जायचं कोण? मीच. मला कसलं फसवतेस, बेडके?"

बेडकी हे तिचं लहानपणचं नाव. ते निघालं म्हणजे दादाचा मूड चांगला होता. पण मूड चांगला असला म्हणून दादाचं मत बदलत नसे. तो रुमालालासुद्धा इस्त्री करणारा माणूस होता.

"आता नाटक पुरे," तो म्हणाला. "तुला का राहायचंय इथे, ते सांग. खरं सांग."

सगळ्या इमारतीने तिला कारणं पढवून ठेवली होती. तिने सुरुवात केली. "हवा फार चांगली आहे."

"कारखाने बंद पडल्यावर हवा बिघडवणार कोण? पुढे."

"गर्दी नाही."

"माणसंच नाहीत. पुढे."

"चोऱ्या होत नाहीत."

"चोरांनीसुद्धा गाव सोडलं म्हण की! बेडके, ही राहायची कारणं आहेत की जायची?"

धाकटीने हात टेकले. मग पढवलेलं सगळं बाजूला ठेवून ती एकदम बोलायलाच लागली, आणि बोलता बोलता खुर्चीतून उठून उभी राहिली. "दादा, आमच्या तलावात पाणी कंबरेपर्यंतच आहे. पंप बिघडल्यापासून. एवढी पोरं शिकवली मी, सगळी हात मारतात, पाय मारतात, श्वास घेतात, बघत राहावं असं पोहतात. पण दमली की उभी राहतात! ती पोहतात की पाण्यात आडवी होऊन चालतात, मला माहीतच नाही रे. आता नवा पंप आलाय. खोकं मी स्वतः बघितलंय, आतला पंपसुद्धा बघितला. बसला की तलाव काठापर्यंत भरणार. मला बघायचंय, दादा. पहिल्यांदा पाय टेकेनासे झाले की त्यांची तोंडं कशी होतात ते बघायचंय. तुझ्या शहरात मी दोन वर्षं काढली. तिथल्या तलावावर मी आले काय, न आले काय, दारावरचं यंत्र माझ्या कार्डाला तेवढ्याच प्रेमाने टुंग करायचं. इथे मी एक दिवस गेले नाही तर पन्नास पोरं काकूंचं दार वाजवतात."

दादा ऐकत होता. क्षणभर तो विरघळला असं तिला वाटलंही. मग त्याने कप खाली ठेवला.

"आणि पंप परत बिघडला की?"

"मग परत कंबरेपर्यंत."

"तेच म्हणतोय मी," दादा मायेने म्हणाला. "तू इथे असतेस आणि रात्री छातीत धडधड माझ्या होते. बातम्यांत या गावाचं नाव आलं की मी आधी तुला फोन करतो, मग बातमी ऐकतो. नाही पटलं गं मला. चल, विकून टाकू."

शब्द म्हणजे शब्द. धाकटीने चपला घातल्या. जिना उतरताना तिला कठड्याचा प्रत्येक खिळा ओळखीचा वाटत होता. लिफ्टने दादाला वर सोडून तिथेच प्राण सोडला होता.

दारात दलाल उभा. त्याला सगळे चावीवाले म्हणत, कारण शहर सोडून जाणारा प्रत्येकजण घराची चावी त्याच्याकडे ठेवून जाई आणि तो चालू लागला की देवळात आरती सुरू झाल्यासारखा आवाज होई. त्याचं ऑफिस दवाखान्याच्या चढावर, बसच्या वाटेवरच होतं.

"चला साहेब, गिऱ्हाईक वर वाट बघतंय," तो उत्साहाने म्हणाला.

"तुम्ही नाही हो गेलात गाव सोडून?" दादाने विचारलं.

"मी? आणि लोकांना घरं कोण दाखवणार?"

"कुठल्या लोकांना?"

"तेवढं सोडलं तर धंदा उत्तम आहे," चावीवाले म्हणाला.

बसमध्ये काकूही चढल्या. त्यांना कुठे जायचं नव्हतं, पण शेवटपर्यंत हजर राहायची त्यांना दवाखान्यातली सवय होती. बस भरलेली होती, कारण त्या मार्गावर ती एकच धावायची. बाजार गेला, शाळा गेली, चढाच्या अलीकडचा सपाट रस्ता लागला आणि बसने एक उसासा टाकला, दुसरा टाकला आणि ती उभी राहिली.

ड्रायव्हर मागे न बघताच ओरडला, "उतरा, मंडळी!"

कुणी हूं की चूं केलं नाही. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांनी बाकीच्यांच्या पिशव्या मांडीवर घेतल्या. धडधाकट खाली उतरले आणि ज्याच्या त्याच्या जागी जाऊन उभे राहिले: मधल्या खिडक्यांना दोघं दोघं, मागच्या काचेला चौघं, धाकटी उजव्या चाकापाशी. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. ऑफिसातले साहेब आणि भाजीवाल्या बाया शेजारी शेजारी बाह्या सारत होत्या. हसणं-खिदळणं सुरू झालं. धाकटीही तेवढ्यापुरती त्यात सामील झाली, कारण बस ढकलताना तोंड पाडून चालत नाही, दम लागतो.

तेवढ्यात तिने पाहिलं, दादा उतरला होता. कोट त्याने न विचारता काकूंच्या मांडीवर टाकला होता आणि तो बसच्या मागे, डाव्या कोपऱ्याकडे तरातरा चालला होता.

डावा कोपरा ही साधी जागा नव्हती. बस ढकलून एकदा सुरू झाली की थांबत नसे. थांबली तर पुन्हा बंद. म्हणून ढकलणाऱ्यांनी धावत आत चढायचं. मागचं दार डाव्या कोपऱ्याला लागून होतं. तिथला माणूस पहिला उडी मारून आत शिरे आणि बाकीच्यांना एकेक करून हात देऊन वर ओढी. कॉलेजात असताना ती जागा दादाची होती. आता तिथे चावीवाले उभा होता.

"सरका," दादा म्हणाला.

"साहेब, तुम्ही आत बसा. पाहुण्यांनी ढकलायचं नसतं."

"पाहुणा कोण?"

"तुम्ही," चावीवाले अदबीने म्हणाला. "रीतच आहे साहेब. इथे राहणारे ढकलतात, पाहुणे बसतात."

"मी या कोपऱ्यावर होतो तेव्हा तुम्हाला मिसरूड फुटलं नव्हतं!"

"असाल हो. पण आता—"

"आता काय? माझं घर आहे इथे!"

"संध्याकाळपर्यंत," चावीवाले म्हणाला.

 धाकटी चाक सोडून दोन पावलं पुढे आली. तिने दादाला साहेबांसमोर, डॉक्टरांसमोर, आईच्या अंथरुणाशी पाहिलं होतं, पण कुणी तोंडात मारल्यासारखा त्याचा चेहरा झालेला तिने कधी पाहिला नव्हता. त्याने बसकडे पाहिलं, रांगेत उभ्या माणसांकडे पाहिलं. खिडकीतून एका आजींनी त्याच्यासाठी जागा राखून सीटवर हात आपटला, "या हो पाहुणे, बसा इथे."

"म्हणजे घर विकलं," दादा हळू म्हणाला, "की मी इथे कधीही आलो तरी तिथे बसायचं? त्या आजींच्या शेजारी? आणि बेडकीने ढकलायचं?"

"धाकटी कसली ढकलते? ती तुमच्याकडे राहायला जाणार ना? तीही बसेल," चावीवाले म्हणाला. हिशेबाला तो पक्का होता.

"अहो, भांडण चढावर करा!" ड्रायव्हर ओरडला. "ढकलताय की नाही?"

"सरका!" दादा असा गरजला की चावीवाले सरकला. दादाने कोपऱ्याला खांदा दिला. "हां, एकदम! लावा जोर!"

बस हलली. इस्त्रीचा शर्ट पाठीवर टरकल्याचा आवाज धाकटीला स्पष्ट ऐकू आला. चाकं फिरली, पावलं पळायला लागली, बसने खोकलून काळा धूर सगळ्यांच्या तोंडावर सोडला आणि इंजिन धडधडलं. "धरली! धरली!" रस्ताभर आरोळी उठली. दादाने दांडी पकडली, उडी मारली आणि आत! वळून त्याने हात बाहेर काढला. भाजीवाली आली, ऑफिसातला साहेब आला, जाडे मास्तर दोघांच्या जोराने आले. धाकटीचा पंजा त्याच्या पंजात गेला आणि ती फुलासारखी वर उचलली गेली. दादा काळाकुट्ट झाला होता, धापा टाकत होता आणि वेड्यासारखा हसत होता.

राहिला चावीवाले. कमरेच्या किल्ल्या खणखणत तो जिवाच्या आकांताने पळत होता.

"हात द्या, साहेब!"

"कोपरा कुणाचा?" दादाने विचारलं.

"अहो, हात!"

"कोपरा कुणाचा ते आधी सांगा!"

"तुमचा! तुमचा हो! तुमच्या खापरपणज्याचा!"

दादाने त्याला किल्ल्यांसकट आत ओढलं. सगळी बस टाळ्या पिटत होती. काकू कोट हवेत फडकवत होत्या.

बस चढ चढू लागली. अर्ध्या वाटेवर चावीवाल्याचं ऑफिस आलं. दारात एक नीटनेटका गृहस्थ उभा होता. बस दिसताच तो हात हलवत पुढे आला. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"इथे उतरायचं होतं ना कुणाला? थांबवली तर बंद पडेल, आणि चढावर ढकलता येत नाही. सांगा. थांबवू?"

टाळ्या थांबल्या. बसमधली सगळी डोकी मागच्या दाराकडे वळली. चावीवाले दम खात दादाकडे बघत होता. धाकटी कुणाकडेच बघत नव्हती.  इंजिन गुरगुरत होतं.

"वेडे आहात का तुम्ही?" दादा म्हणाला. "चालू द्या!"

बस गृहस्थासमोरून धुरळा उडवत निघून गेली. मागच्या दारातून दादाने त्याला हात हलवून सभ्यपणे निरोप दिला. गृहस्थानेही गोंधळून हात हलवला.

"मेलं माझं कमिशन," चावीवाले म्हणाला आणि धाकटीला बसायला सरकून जागा करून दिली.