खोक्यातली वाकडी प्रत

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. मित्रांनो, मला तुमचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

बाळापुरात तहसीलसमोर देवीदासच्या दुकानात माझी हयात गेली. नवे होते तेव्हा लोक माझ्या प्रतींचे कौतुक करत. मग देवीदासने पाठकोऱ्या कागदाची पिन न काढता तो कागद आत ढकलला आणि प्रत उमटवणारा माझा ड्रम ओरखडला. तेव्हापासून प्रत्येक प्रतीवर उजवीकडे एक बारीक काळी रेघ उमटते. लोक मला शिव्या देत. स्वतःचे आधार कार्ड काचेवर विसरून जाणारे लोक!

एकदा वच्छलाबाई पीक विम्यासाठी सून दामिनीबरोबर आल्या. आधारची पहिली प्रत वाकडी आली. दुसरीवर दामिनीने आडवे लिहिले, ‘फक्त पीक विम्यासाठी’. तारीख टाकली, सासूची सही घेतली. शहाणी मुलगी! पण वाकडी प्रत?

“टाका त्या खोक्यात,” देवीदास म्हणाला. “तिले कोन खाते?”

खाणारा होता. एक चष्मेवाला त्या खोक्यातून आधारच्या प्रती वेचून नेई. मी पाहत होते. देवीदास म्हणे, “ने बापा, तेवढाच कचरा कमी.”

पुढे एक दिवस पोलीस वच्छलाबाईंना आणि दामिनीला घेऊनच दुकानात आले. अकोल्यात कुणीतरी चोरीचा मोबाइल विकला होता. ‘आईचा आहे’ म्हणून सांगितले आणि वच्छलाबाईंच्या आधारची प्रत दिली. प्रत कुठे काढली विचारल्यावर वच्छलाबाईंनी हेच दुकान दाखवले होते.

“म्या अकोल्याचं ते दुकान पायलंबी नाई, साहेब,” वच्छलाबाई म्हणाल्या. “गावात लोक मले चोट्टी म्हनून राहिले.”

“मंग कागद चालत गेला का?” हवालदार म्हणाला.

दामिनीने पोलिसांकडची प्रत हातात घेतली. “साहेब, आमी कुठंबी प्रत देतो, तिच्यावर काम लिहितो. हिच्यावर काहीच नाई. अन् ही वाकडी आहे, त्या खोक्यात टाकली तीच. ही रेघ पाहा.” तिने माझ्यात कोरा कागद घातला. कागद बाहेर आला. तीच रेघ, त्याच जागी.

हवालदाराने खोक्याकडे पाहिले, मग देवीदासकडे. “काहून रे, कोन नेते हे?”

 चष्मेवाल्याचे नाव देवीदासने लगेच सांगितले. वच्छलाबाई बाकावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

तुम्हाला वाटेल, आता माझा मान वाढला असेल. देवीदासने दुसऱ्याच आठवड्यात माझा ड्रम बदलला. प्रती लख्ख येतात, गिऱ्हाईक खूश आहे. खोके मात्र तिथेच आहे आणि संध्याकाळपर्यंत भरते. कालच एका मास्तरांनी पॅन कार्डची फिकट प्रत त्यात भिरकावली.

मित्रांनो, बिघडलेली प्रतही तुमचीच असते. ती मागून घ्या, घरी न्या, बारीक फाडा. चांगल्या प्रतीवर काम आणि तारीख लिहा. आणि एवढे करायचा कंटाळा असेल, तर हवालदारासमोर माझे नाव घेऊ नका. तुम्हाला वाचवायला आता माझ्याजवळ ती रेघ नाही.