शांततेसाठी रिकामी केलेली शाळा

आमच्या शाळेत चौदा महिने माणसं राहत होती. सहा वर्ग, एकशे बारा कुटुंबं. सरकारी फौज आणि बंडखोर यांची लढाई पुन्हा पेटली, तेव्हा लिगवासनच्या दलदलीतली गावंच्या गावं पोरं नि भांडी होड्यांत टाकून आमच्याकडे आली, ती राहिलीच. मी मुख्याध्यापिका. आंब्याच्या खोडाला फळा टेकवायचा आणि शिकवायचं, असं चाललं होतं.

एका सोमवारी महापौरांच्या कचेरीतला सालिक आला. माझाच एके काळचा विद्यार्थी.

"मॅडम, गुरुवारी पाहुणे येतायत. तिकडे क्वालालंपूरला फौज आणि बंडखोरांची बोलणी पुन्हा सुरू व्हायचीत ना? त्या बोलण्यांना पाठिंबा देणाऱ्या देशांची माणसं. चार राजदूत!"

"येऊ देत की. बघू देत."

"तेच सांगायला आलो. शाळा रिकामी हवी. रंग मारायचाय."

"आणि ही माणसं?"

"चार दिवस भात वाळवायच्या ओट्यावर. ताडपत्री देतो ना मी."

मला वाटलं, थट्टा करतोय. त्यानं खिशातून कागद काढला. इमारत माझ्या ताब्यात, म्हणून सही माझी हवी होती. मी नाही म्हटलं.

"बघा बुवा," तो हसत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तांदळाची गाडी येईलच असं मग मला सांगता येणार नाही."

एकशे बारा चुली डोळ्यांपुढे आल्या. मी सही केली. आजही ती आठवली की स्वतःचीच चीड येते.

तीन नंबरच्या वर्गात साठी उलटलेली सापिया राहायची. सोबत सून, दोन नातवंडं आणि सहा दिवसांपूर्वी जन्मलेली नात. मी निरोप सांगितला, तेव्हा ती बाळाचे कपडे धूत होती.

"मॅडम, आजवर मी आठ वेळा पळाले," ती म्हणाली. "आठही वेळा तोफांमुळे. शांतता येतेय म्हणून पळायची ही पहिलीच वेळ."

शेजारी विडी ओढत बसलेला बापा उसोप, सगळ्या छावणीचा काका, खोकत हसला. "अगं, शांतता म्हणजे मोठ्या घरची बाई. तिला ऐसपैस जागा लागते. सरक जरा."

बायका हसल्या, पण हसता हसता भांडी आदळत होत्या. दुपारपर्यंत शाळा रिकामी झाली. ओटा म्हणजे उघड्यावरचं सिमेंट. भात वाळावं म्हणून बांधलेलं, त्यामुळे दिवसभर तापणारं. त्यावर चटई टाकली तरी अंग भाजायचं.

गुरुवारी शाळा पांढरी शुभ्र. भिंतीवर कबुतरं. शहरातल्या शाळेतून कोऱ्या गणवेशातली मुलं गाडीनं आणून बसवलेली. त्यांना इथला पाण्याचा नळसुद्धा माहीत नव्हता. गाणं झालं, टाळ्या झाल्या. मग पाहुण्यांतल्या एका उंच, पिकल्या केसांच्या बाईनं सालिकला विचारलं, "इथं विस्थापित राहत होते ना? ते कुठे आहेत?"

"घरी परतले, मॅडम," सालिक म्हणाला. "वाटाघाटींवर लोकांचा विश्वास बसलाय. त्याचंच हे फळ."

फळ! तो शब्द ऐकून माझी कानशिलं तापली. हातातली फुलं मी खुर्चीवर टाकली.

"खोटं आहे हे," मी म्हटलं. "मी इथली मुख्याध्यापिका. ती माणसं भाताच्या ओट्यावर, उन्हात बसलीत. तुम्हाला दिसू नयेत म्हणून आम्हीच हाकललं त्यांना. कागदावर सही माझी आहे."

सालिक पांढरा पडला. पाहुण्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. एक राजदूत म्हणाले, "याची नोंद घेऊ आपण." नोंद!

बाईनं मला विचारलं, "किती लांब?"

"चालत पंचवीस मिनिटं."

"चला."

बाई नि आणखी एक राजदूत आले. उरलेले दोघे गाडीत थंड हवेत बसून राहिले.

ओट्यावर सापिया बाळावर ओढणीची सावली धरून बसली होती. उठली नाही.

"ही कोण?" तिनं मला विचारलं.

"परदेशातली आहे. शांततेच्या बोलण्यांना मदत करते."

"म्हणजे काय करते?"

मी बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, "दोन्ही बाजू बोलतात त्या खोलीत आम्ही बसतो. कुणी उठून जाऊ नये, कबूल केलेलं मोडू नये, हे बघतो."

"काम चांगलंय," सापिया म्हणाली. "पण तिला विचारा, फौजेकडून माणूस बसतो, बंडखोरांकडून बसतो. लढणारे दोघंही बसले. पळणाऱ्यांकडून कोण बसतं?"

भाषांतर करताना मी एकही शब्द मऊ केला नाही. बाईंनी वही काढली.

"लिहिते कशाला? हात लाव म्हणावं इथं."

बाई वाकल्या, सिमेंटवर तळवा टेकला आणि झटकन उचलला.

त्याच संध्याकाळी माणसं वर्गांत परतली. ओल्या रंगाला चटया चिकटल्या. तांदळाची गाडी वेळेवर आली, कारण वाटेत मी सालिकची धमकी सांगितली होती आणि गाडी कधी येणार हे बाईंनी कचेरीकडून लेखी मागून घेतलं होतं. महिन्याभरात माझी मात्र बदली झाली, तीन तास होडीनं जावं लागतं अशा बेटावर. कारण दिलं, 'प्रशासकीय'.

बोलणी सुरू झाली. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत बाहेरचे लोक बसले म्हणूनही असेल, पण तोफा थांबल्या. पुढल्या वर्षी सापिया गावी गेली. पण पाहुण्यांचा अहवाल माझ्या हाती आला, तेव्हा एकोणिसाव्या पानावर एकच ओळ होती : 'भेटीदरम्यान काही विस्थापितांना तात्पुरते हलवण्यात आले.'

सव्वीस वर्षं मी व्याकरण शिकवलं. वाक्याला कर्ताच नव्हता! मी बाईंना पत्र लिहिलं : हलवलं कुणी? हुकूम महापौरांच्या कचेरीचा, सही माझी आणि निमित्त तुमचं. तिन्ही लिहा.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. सोबत पुढच्या अहवालाचं पान. त्यात तिन्ही होती. मुख्याध्यापिकेवर दबाव आणला गेला, असंही बाईंनी घातलं होतं. ते मी मागितलं नव्हतं.

सापियाला मी फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता त्यांना अजून एक पत्र टाका. म्हणावं, पुढच्या वेळी न कळवता या."