चोवीस एक्केचाळीस

खाकी गणवेशातली क्रांती दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून दुकानासमोरच्या रस्त्यावर पळत सुटली, आणि उदयसिंह तिची पर्स छातीशी धरून पायरीवर उभा राहिला. साताऱ्यातली दुपारची वर्दळ. वडूजची फेरी संपवून ती डेपोतून थेट इकडे आली होती. छातीवरचा कंडक्टरचा बिल्लासुद्धा तसाच होता.

समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेग कमी करून डोकं बाहेर काढलं.

“मास्तर, गाडी सुटली व्हय?”

“माझ्याबिगर कशी सुटंल?” ती पळता पळताच म्हणाली.

रसवंतीच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. उदयसिंहही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

“मेजर, वहिनींचं पळणं बघा,” दुकानातला साईराज काउंटरवरून वाकून म्हणाला. “अंगात वजनच न्हाई जणू. शाळंपासनं पळत्यात काय?”

“तीन वर्षं झाली.”

“तीनच?”

“मीच म्हणलं हुतं तिला, पळत जा म्हणून.”

असं तो कधीच म्हणाला नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो फौजेत, बिकानेरला होता, आणि क्रांती पळायला लागली हे त्याला महिन्याने, फोनवर कळलं होतं. पण साईराजला हे कोण सांगणार?

जुन्या घड्याळाचा पट्टा तुटून तिथे दोरा आला होता आणि चार्जिंग घाटाच्या तिसऱ्या वळणावरच संपायचं. नवं घ्यायचं ठरलं होतं. कुठलं, ते ठरत नव्हतं. साईराजने एक चकचकीत कागद उदयसिंहच्या हातात दिला होता. दोन रकाने. एका बाजूला प्रीमियम, एका बाजूला स्पोर्ट. तो कागद कंपनीने छापला होता, पण उदयसिंह तो वाचायला लागला की रकाने दोनच राहत नव्हते.

काच. प्रीमियम: सफायर, ओरखडा पडत नाही. स्पोर्ट: साधी, मजबूत.

वजन. प्रीमियम: अडुसष्ट ग्रॅम. स्पोर्ट: एकोणचाळीस. उदयसिंह: अठ्ठ्याऐंशी किलो, त्यातले नऊ पेन्शनवर आल्यानंतरचे.

बॅटरी. प्रीमियम: तीन दिवस. स्पोर्ट: चौदा. क्रांती: पहाटे साडेचारला उठते, यवतेश्वरचा घाट चढून उतरते, दोघांचे डबे करते आणि आठच्या गाडीला घंटी मारते.

कोणासाठी. प्रीमियम: ऑफिस, समारंभ, रोजचा वापर. स्पोर्ट: ज्यांना अजून पुढे जायचं आहे.

या शेवटच्या ओळीशी तो बराच वेळ होता. पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या शिवतेजसरांनी सकाळीच क्रांतीला मेसेज पाठवला होता: ताई, स्पोर्टच घ्या, यंदा फुल मारायची आहे. फुल म्हणजे बेचाळीस किलोमीटर. क्रांती बेचाळीस किलोमीटर पळणार आहे हे तिच्या नवऱ्याला त्या मेसेजवरून कळलं.

गेल्या आठवड्यात वडूजच्या बाजारात एका म्हाताऱ्याने त्याला थांबवून विचारलं होतं, “तुमी त्या पळणाऱ्या मास्तरीणबाईचं मालक न्हवं?” बावीस वर्षं ती मेजरची बायको होती. बाजारात, सोसायटीत, हळदी-कुंकवात. हे कधी उलटं झालं, त्याला कळलंही नाही. पेन्शनवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो तिच्याबरोबर घाटात गेला होता. दुसऱ्या वळणावर गुडघा धरला. ती वरून परत येताना दिसली तेव्हा तो कठड्यावर बसून बंद फोनवर कोणाशी तरी बोलत होता. तिने हातानेच ‘चालू द्या’ म्हटलं आणि ती खाली निघून गेली. तेव्हापासून तो पहाटे जागा असतो, पण डोळे मिटून.

क्रांती परत आली. धाप नाही, फक्त कानाजवळ घामाची एक बारीक रेघ.

“डाव्या हातातलं चांगलं दिसतंय,” तो म्हणाला. “स्टीलचं हाय. लग्नाकार्यात घालाय बरं पडंल.”

“दिसतंय तर खरं.” तिने मनगट फिरवून पाहिलं. “पण हलतंय. पळताना हाडावर बसतंय.”

“एक कडी काढली की गप बसंल.”

“आन् ह्ये बघा. हितलं बटण दाबलं की फेरी मोजतंय.”

“फेऱ्या मोजायला तू काय घाण्याचा बैल हायस?”

“बैलाला कुठं कळतंय ओ, कुठली फेरी किती मिंटात झाली त्ये!”

साईराज खळखळून हसला. उदयसिंहने स्टीलच्या घड्याळाचा डबा तिच्या बाजूला थोडा सरकवला.

“वहिनी, जुनं बदल्यात घेतो,” साईराज म्हणाला. “पण ह्यातलं नव्यात जायचं न्हाई. कंपनी वेगळी. काय ठेवायचं असंल तर लिवून घ्या, मग पुसतो.”

“एवढं रेकॉर्डचं पान तेवढं ठेवायचंय.” तिने जुन्या घड्याळावर ते पान काढलं आणि घड्याळ नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. “आवं, तुमी लिवा की. तुमचं अक्षर चांगलं हाय. तंवर मी अजून एक चक्कर मारून येते.”

ती पुन्हा पायऱ्या उतरून गेली.

उदयसिंह स्टुलावर बसला. कंपनीच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. साईराजने पेन दिलं. उदयसिंहने सुवाच्य अक्षरात लिहिलं:

१ कि.मी. – ४:२८

मग त्याने पुढचं लिहिलं.

नाही, लिहिलं नाही. आधी वाचलं.

५ कि.मी. २४:४१. खाली तारीख, फेब्रुवारीतला दुसरा रविवार.

त्यांच्या घरात उदयसिंहचा फौजेतला एक आकडा सगळ्यांना तोंडपाठ होता. पाठीवर सामानाचा पिट्टू, हातात रायफल, पाच किलोमीटर, चोवीस पन्नास. लेक उत्कर्षा लहानपणी शाळेत ‘माझे बाबा’ हा निबंध लिहायची, तेव्हा त्यात हा आकडा असायचा. पाहुणे आले की तो निघायचा. क्रांतीने आयुष्यात पहिल्यांदा पाच किलोमीटर पूर्ण केले तेव्हा तिने बिकानेरला फोन करून सांगितलं होतं, चव्वेचाळीस मिनिटं लागली. तो हसला होता. “चोवीस पन्नास,” तो म्हणाला होता, “ध्यानात ठेव.” तिने ठेवलं.

नऊ सेकंद.

पिट्टू होता, रायफल होती, असं त्याने मनात दोनदा म्हटलं. आकडा हलला नाही.

आणि तो रविवार. तो आता त्याला नीट आठवला. ती घाटातून आली आणि बूट न काढताच उंबऱ्यावर बसून राहिली होती. “किती झालं?” त्याने पेपरातून मान वर न काढता विचारलं होतं. “रोजच्यासारखंच,” ती म्हणाली होती. मग उठून तिने त्याच्या आवडीची शेंगोळी केली. दोनदा वाढली. म्हणजे तिने लपवलं होतं. त्याच्यासाठी. हरलेल्याला आधी पोटभर खाऊ घालावं, तसं.

जिंकली म्हणून त्याला जेवढं लागलं नसतं तेवढं हे लागलं.

५ कि.मी. – २५:४१, त्याने लिहिलं.

 दोनच्या शेजारी पाच काढला, जागेवर, सुबक. पुढचे दोन आकडे, दहा किलोमीटरचा आणि हाफ मॅरेथॉनचा, त्याने अगदी अचूक उतरवले. एकेक दोनदा ताडून पाहिला.

“झालं?” साईराजने घड्याळ घेतलं. त्याचं बोट पडद्यावर थांबलं. “एकदा पुसलं की परत येत न्हाई, मेजर. पुसू?”

रस्त्याच्या टोकाला क्रांती वळत होती. वळताना तिने एक हात वर करून कोणा ओळखीच्याला हाक दिली.

“पूस.”

पडद्यावर एक रेघ गोल गोल फिरली. मग घड्याळाने, काही झालंच नाही अशा थाटात, कुठली भाषा हवी ते विचारलं.

क्रांती आत आली, बाहीने गळा पुसला, आणि कागद हातात घेतला. वाचताना तिचे ओठ किंचित हलत होते. पहिल्या ओळीवर हलले. दुसऱ्या ओळीवर हलायचे थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. काउंटरवर भाषा विचारत पडलेल्या जुन्या घड्याळाकडे पाहिलं. मग उरलेल्या दोन ओळी वाचल्या, कागदाची चौकोनी घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

“साईराज, स्टीलचंच दे रं.”

“प्रीमियम?” साईराज गोंधळला. “आन् बेचाळीस किलोमीटर वो?”

“बघू. लग्नाकार्यात घालाय बरं पडंल.”

उदयसिंहला हवं होतं तेच झालं होतं. त्याचंच वाक्य, तिच्या तोंडून. आता बरं वाटायला हवं होतं, म्हणून तो थांबला. साईराजने कडी काढायची बारीक सुई शोधली, घड्याळ उलटं धरलं. तिचं मनगट काउंटरवर होतं, उताणं, आतल्या निळ्या शिरेसकट.

“स्पोर्ट घे की,” उदयसिंह म्हणाला.

“कशाला?”

“पळायला.”

“पंचवीस एक्केचाळीसवालीला ह्ये बास झालं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मागे बसलेल्या प्रवाशाला पुढचा थांबा सांगावा, तसं सांगितलं.

साईराजची मान खालीच होती. त्याला काही कळलं नसावं, किंवा सगळं कळलं असावं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती उदयसिंहने अठरा वर्षं कोणाला सांगितली नव्हती, आणि पुढे स्वतःलाही सांगायची सोडून दिली होती. चोवीस पन्नास त्याचं नव्हतं. ते त्याच्या कंपनीतल्या, जतकडच्या, सहा फुटी बिराप्पाचं होतं. त्या दिवशी उदयसिंह बिराप्पाच्या मागे पळत होता. आधी दहा पावलं मागे, मग पन्नास, मग एक वळण मागे. त्याची स्वतःची वेळ सव्वीस अठरा. नापास नव्हता. वाईटही नव्हता. पण पुढच्या सुट्टीला घरी येताना त्याने कँटीनमधून साबण आणले, एक कांबळं आणलं आणि बिराप्पाचा आकडा आणला. तो घरात सगळ्यांना इतका आवडला की परत नेता आला नाही.

“माझं चोवीस पन्नास न्हवतं,” तो म्हणाला.

“काय?”

“सव्वीस अठरा. त्ये चोवीस पन्नास दुसऱ्याचं. बिराप्पा म्हणून एक हुता आमच्यात. जतचा.”

साईराजच्या हातातली सुई थांबली. बाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत राहिले. क्रांती त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्या रागाची वाट पाहत होता. राग आला असता तर तो त्याला ओळखीचा होता; त्याच्याशी काय करायचं हे त्याला ठाऊक होतं.

“म्हंजी तीन वर्षं,” ती सावकाश म्हणाली, “मी त्या बिराप्पाच्या मागं पळत हुते?”

त्याने मान हलवली.

“पावसाचं, थंडीचं, पाळी असू दे, ताप असू दे. त्याच्या मागं?”

“व्हय.”

 मग तिच्या तोंडावर काहीतरी उमटायला लागलं, आधी डोळ्यांच्या कडेला, मग गालात. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हे त्याने तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, उत्कर्षाच्या वेळी नाही, तो सुट्टीला ट्रंक घेऊन दारात उभा राहायचा तेव्हाही नाही.

“आन् गाठला की त्येला!” ती म्हणाली.

“वहिनी,” साईराज हळूच म्हणाला, “ही कडी काढू का र्‍हाऊ दे?”

“र्‍हाऊ दे. दुसरं दे, हलकं.” तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून नवऱ्याकडे वळली होती. “आवं, पळताना कसा दिसायचा ओ त्यो?”

उदयसिंहने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बुटका हुता,” तो म्हणाला.