खांद्याच्या वर

रग्बीचा पंच व्हायचं का म्हणून कुणी विचारलं तर मी आता हात जोडून नाही म्हणणार. रविवारी एक शिट्टी वाजवली, अन् आज गुरुवार उजाडला तरी लोक माझं डोकं खायलेत.

झालं असं. परभणीला मुलींची जिल्ह्याची फायनल होती, पोखर्णी विरुद्ध पिंगळी. ऊन मरणाचं. शेवटी शेवटी पिंगळीची राजेश्री बॉल घेऊन पळायली अन् पोखर्णीची साक्षी तिच्या मागं. माणूस दमलं की वाकत नाही, हात वरच जातो. साक्षीनं कमरेला धरायचं सोडून गळ्यालाच हात घातला. राजेश्री पाठीवर आपटली अन् उठेचना. खांद्याच्या वर धरलं की तो हाय टॅकल, अन् इतका जोरात असला की थेट लाल कार्ड. मी काढलं. राजेश्रीला दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत निघालं, गळ्याला पट्टा बसला. देवाची कृपा, दुसरं काय!

पण लाल कार्ड म्हणजे येत्या रविवारी राज्य संघाची निवड साक्षीला बंद. अन् पोरगी गुणाची आहे हो. मेंढरांमागं हिंडून तयार झालेले पाय. जिल्ह्यात तिच्या तोडीची दुसरी नाही.

त्यात सोयरीक. साक्षीची थोरली बहीण दैवशाला ही राजेश्रीच्या सख्ख्या भावाला दिलेली. मग काय, घरातल्या घरात मिटवायचं ठरलं. पिंगळीला राजेश्रीच्या घरी सतरंजी टाकली, साक्षीला घेऊन तिची आई आली, जिल्हा संघटनेचे आबासाहेब आले, मलाही बोलावणं. शाळा सुटल्यावर तशीच गेले, पाय नुसते बोलत होते.

"मॅडम, तुमचं एकच वाक्य पाहिजे," आबासाहेब म्हणाले. "हात खांद्यालाच लागला, तिथून वर सरकला. एवढं म्हणा, कार्ड मी उठवतो."

"लेकरू हाय मॅडम," साक्षीची आई कासाबाई म्हणाली. "तिनं काय मुद्दाम केलं का?"

मुद्दाम नव्हतंच. ते मलाही माहीत होतं.

राजेश्रीचे वडील रामप्रसादराव पोह्यांची बशी पुढं सरकवत म्हणाले, "आमची कायबी तक्रार न्हाई. सुनंचं माहेर हाय ते."

खरं सांगू? मी हो म्हणणारच होते. दिवसभर पोरांच्या नावानं ओरडून घसा बसलेला, वरून हे. ज्याचं दुखतंय त्यालाच काही म्हणायचं नसलं तर मी कशाला वाईटपणा घेऊ? मरू दे तिकडं, असं झालं होतं मला. चहा संपला की बोलून टाकू, असा विचार केला.

तेवढ्यात रामप्रसादरावांनी राजेश्रीला आतून बोलावलं. "म्हण बाळा, माफ केलं."

"माफ केलं." साक्षीकडं बघायला तिची मान वळेना, म्हणून ती सगळीच वळली. "ते मी कवाच केलंय. पण पप्पा, हात खांद्याला लागला म्हणता, तर माझी मान कशानं आखडली? मी सोंग करायले का?"

दारात उभी असलेली दैवशाला आत निघून गेली.

"गळ्यालाच लागला," मी म्हणाले. "मी समोर होते. कार्ड उठत नाही, आबासाहेब."

"झालं का समाधान?" कासाबाई कडाडली. "लेकीचं वाटोळं केलंत!" आबासाहेब गुपचूप चपला शोधायला लागले.

बाहेर येऊन स्कूटीला चावी लावली तर मागं साक्षी. रडून रडून डोळे सुजलेले. म्हटलं, शिव्या घालायला आली असंल, तर घालू दे, आज तेवढंच राहिलंय.

"मॅडम, मी चुकले ते मला शिट्टी वाजली तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "घरी म्हणलं बी. कुणी बोलूच दिलं न्हाई मला."

"मग आता काय?"

"तिच्या गळ्यात पट्टा हाय, अन् तिलाच बोलाय लावलं सगळ्यांनी." तिचा आवाज चढला. "तुमी का गप बसलात? तुमाला तर सगळं दिसलं व्हतं."